गाडीची शिट्टी

माझ्या गाडीला शिट्टी होती. कंपनीने दिलेली नव्हे, वयाबरोबर आलेली. जुनी टर्बो डिझेल गाडी. मागच्या सीट काढून तिच्यात मी ठिबकच्या नळ्यांची बंडलं भरतो. चढावर रेस दिली की बॉनेटखालून बारीक, लांब शिट्टी निघायची. मेकॅनिकने तेव्हाच सांगितलं होतं, "नाना, इंटरकूलरला चीर गेलीय. हवा गळतेय." मी म्हटलं, गाडी चालतेय ना? मग चालू दे.

धुळ्याला देवपुरात माझा धाकटा भाऊ राहतो. त्याच्या गल्लीच्या तोंडाशीच चढ आहे. तिथे शिट्टी वाजायची आणि मी दाराशी पोचेपर्यंत तो फाटक उघडून उभा असायचा. "ये भाऊ, चहा तयार शे." त्या गल्लीत मला कधी हॉर्न वाजवावा लागला नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं. आमच्याकडे मांडवात माइकवर नाव पुकारून टॉवेल-टोपी देतात. ज्याचं नाव आधी, त्याचा मान मोठा. व्याह्यांचं नाव झालं, एका बिल्डरचं झालं, कुठल्याशा माजी सभापतीचं झालं. शेवटी माइकवरून आलं, "राहिलेल्या पाहुण्यांनी पुढे यावं." त्या राहिलेल्यांत मी. वडील गेल्यावर हातगाडीवर बादल्या विकून ज्याने त्याला शिकवलं, तो मी. हातात दिलेली टोपी खुर्चीवर ठेवली आणि न जेवता निघालो. गाडीपर्यंत जाईतो वाटत होतं, मागून येईल. आला नाही. नंतर फोनही नाही. लोक म्हणतात, लग्नाच्या गडबडीत राहून गेलं असेल. गडबडीत तो सभापती बरा नाही राहिला!

तेव्हापासून जळगावहून शिंदखेड्याला माल पोचवायचा तर मी अमळनेरवरून जायला लागलो. त्या रस्त्याने धुळं लागत नाही. घरी मी एकटाच. बायको वारली, मुलगी सासरी. दिवसभर बोलायला गिऱ्हाइकं असतात, पण गिऱ्हाइकाशी माझं बोलणं म्हणजे भांडणच. रस्त्यात कडुनिंबाखाली गाडी लावून डबा खायचा, पाणी प्यायचं, पुढे निघायचं. डब्यात काय आहे हे मला आधीच माहीत असतं. मीच भरलेला असतो.

यंदा मे महिन्यात धरणगावच्या पुढे गाडीने मान टाकली. काळा धूर, ओढ शून्य. एक सायकलवाला मला मागे टाकून गेला आणि वळून हसला. चीर वाढली होती. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत दम नसतो. तिला वाटेत गार करणारी जाळी म्हणजे इंटरकूलर. जळगावच्या मेमध्ये तीच गळकी असेल तर इंजिनाने करायचं काय?

जळगावात स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने भलामोठा इंटरकूलर काउंटरवर ठेवला. "नाना, हाच घ्या. जेवढा मोठा तेवढा गार."

"आणि मागच्या रेडिएटरला वारा कुठून मिळेल? तुझ्या पंख्याचा?"

जन्म नळ्या विकण्यात गेलाय माझा. हवा असो की पाणी, दाब आला की जोडाशी फुटतं, एवढं मला कळतं. स्वस्तातला घेतला तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या, जाळीला नुसत्या दाबून बसवलेल्या. माझा जुना तिथेच फाटला होता. मला मूळ मापाचा, पण टाक्यांसकट अख्खा अ‍ॅल्युमिनियमचा, वेल्डिंग केलेला हवा होता. तसा एक वरच्या फळीवर निघाला. जुना सोबत नेला होता. दोन्ही शेजारी ठेवून टेपने मापले. उंची तीच, तोंडं तीच, जाडी थोडी जास्त. वेल्डिंगवरून नख फिरवून पाहिलं. मग भाव सुरू झाला. तो गल्ला बंद करून उठला, मी पायरी उतरलो, त्याने परत बोलावलं. शेवटी माझ्या भावात त्याने दिला, तर मी म्हटलं, "नळ्यांचे क्लॅम्प वर फुकट दे."

"नाना, हा तुमच्या गाडीत बसेल तेव्हा बसेल, तुम्ही मात्र माझ्या छातीवर बसलात."

क्लॅम्प दिले त्याने.

अजिंठा चौफुलीजवळच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने बंपर उतरवला. नव्या इंटरकूलरचा बोल्टचा एक कान भोकापासून बोटभर सरकून येत होता. तो कानस घेऊन भोक वाढवायला निघाला, मी हात धरला. "पट्टी लाव, खाली रबर दे. भोक वाढलं की हादऱ्याने फाटेल."

"मग तुम्हीच बसवा, मी चहा पिऊन येतो."

"तुझ्या चहाचे पैसे मजुरीतून कापीन."

कुरकुरत त्याने पट्टी लावली. रबरी नळ्या चढवल्या, क्लॅम्प आवळले, आत हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडा नाही. चक्कर मारून आला तो खूश होऊन. "आवाज एकदम बंद, नाना. आता माल भरून हायवेला लांब पळवून आणा."

हायवेला लांब म्हणजे धुळ्याकडेच. शिंदखेड्याचा माल भरलेलाच होता. एरंडोल गेलं, पारोळा गेला, गाडी नव्यासारखी ओढत होती आणि मी मनात हिशोब जुळवत होतो. मी दार वाजवणार नाही. हाकही मारणार नाही. पण माझी गाडी ओळखून त्याने स्वतः फाटक उघडलं, तर पहिलं पाऊल त्याचं. मग चहा प्यायला माझी हरकत नाही.

देवपुरात शिरलो. गल्लीच्या चढावर रेस दिली. गाडी चढ चढली, काही न बोलता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, शिट्टी गेली.

फाटकासमोर थांबलो. आत कुकरचा आवाज येत होता, टीव्ही चालू होता. भाऊ कोणावर तरी खोकत खोकत हसला. एवढं सगळं मला बाहेर ऐकू येत होतं. हात हॉर्नवर गेला. हॉर्न काय, कुणीही वाजवतं, दूधवालाही वाजवतो. उभ्या जागी दोनदा रेस दिली. शेजारच्या गच्चीवरून एका बाईने खाली पाहिलं, बस. गाडी मागे घेतली आणि शिंदखेड्याचा रस्ता धरला.

परवा भंगारवाला दारात आला. ओट्यावरचा जुना इंटरकूलर त्याने उचलून पाहिला. "नाना, द्यायचा का?"

मी भाव सांगितला.

"एवढ्यात नवा येतो, नाना!"

"मग नवा घे. तो ठेव खाली."