कार्डावरची माझी रेघ

आता काय सांगू तुम्हाला, स्वतःची फजिती सांगायची म्हणजे आधी चहाचा घोट घ्यावा लागतो. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी मोहाडीला कचेरीत कारकून होतो, आणि माझ्या साहेबांनी मला एकच धडा घोटून पाजला होता: रकाना रिकामा ठेवायचा नाही.

आमची नंदा तेव्हा आठ महिन्यांची. नर्सबाईंनी तिचं वजनाचं कार्ड आमच्या स्वाधीन केलं होतं. दर महिन्याला पोरीला काट्याच्या झोळीत घालून तोलायचं, कार्डावर ठिपका द्यायचा, ठिपके जोडले की रेघ. कार्ड घरी सांभाळायचं. मी ते माझ्या नोकरीच्या ऑर्डरीसोबत ट्रंकेत ठेवलं होतं, बोला.

धानाच्या रोवणीला हातभार लावायला बायको नंदाला घेऊन माहेरी आसगावला गेली, ती तीन महिन्यांनी परतली. कार्ड काढून बघतो तर तीन रकाने कोरे. कारकुनाला हे बघवतं का? मी निळ्या शाईनं तीन ठिपके दिले आणि पट्टी लावून रेघ झकास वर चढवली. बापच मी, पोरीला खाली कशाला नेऊ?

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी नंदाला तोललं. कार्ड पाहिलं. काटा पाहिला. पुन्हा तोललं.

"बाबूजी, एका महिन्यात दीड किलो कमी? जुलाब लागले होते का पोरीले?"

"नाही जी."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी काय केलं? नुसता खाकरलो.

"मंग हे साधं नाही. आजच भंडाऱ्याले मोठ्या दवाखान्यात न्या." त्या चिठ्ठी लिहायला बसल्या.

बायकोचा बांध फुटला. "माहं काय चुकलं जी? रोज पाजलं, भात चारला." तिचं रडणं ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंदा झोळीत मजेत पाय हलवत होती.

"मागच्या महिन्यात कुठं तोललं होतं?" नर्सबाईंनी विचारलं.

बायकोनं डोळे पुसले. "कुठीच नाही जी. तीन महिने आमी आसगावलेच होतो."

नर्सबाईंनी कार्डावरची ती सरळसोट रेघ पाहिली. मग माझ्या खिशातलं पेन पाहिलं.

"हे ठिपके कोनं मारले?"

"रकाने रिकामे दिसत होते," मी पुटपुटलो.

त्यांनी लाल पेन्सिलीनं माझी रेघ खोडली आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवला. "बाई, रडू नको. पोरगी बरी हाये. जरा कमी वाढली, भातात वरण कुस्करून चार, वर थोडं तेल टाक." मग माझ्याकडे वळल्या. "बाबूजी, रकाना कोरा असता तर मी पहिलेच विचारलं असतं ना?"

घरी आल्या आल्या बायकोनं ट्रंकेची किल्ली माझ्याकडून काढून घेतली.

आता नंदाला स्वतःचा मुलगा आहे. परवा तिनं त्याचं कार्ड मला दाखवायला आणलं. मी कौतुकानं हात पुढे केला.

"पाहा ना बाबा," ती म्हणाली, "पण आधी खिशातलं पेन इकडे द्या."