काडी धरणारे मुनीमजी

किस्से कापसासारखे असतात, बाप्पा! आज मूठभर, उद्या मूठभर, कोपऱ्यात पडून राहतात. एक दिवस दार उघडावं, तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही! सौंसरला आमची कापूस-खरेदीची पेढी; त्या गादीवरचे किस्से असेच साचले. हसण्यासाठी साचवले होते. आता सांगायला बसलो की हसू येतं, पण मान खाली घालून येतं.

*

आमच्या गादीवरचा रिवाज असा, की सौदा जमला की देणारा आणि घेणारा एकाच काडीवर बिडी पेटवणार. मग माघार नाही! पण काडी ओढायची कोणी? व्यापाऱ्यानं ओढली तर शेतकऱ्याला शंका, शेतकऱ्यानं ओढली तर व्यापाऱ्याला. म्हणून हा मान आमच्या मुनीमजींचा. सुखदेवजी त्यांचं नाव. पंचशील पाळणारा माणूस, बिडीला कधी ओठ लावला नाही.

रामाकोन्याचा माझा व्यापारी दोस्त वसंता म्हणायचा, "मुनीमजी पीत नाही, म्हणून थे कोणाच्याच पार्टीचे नाही!"

दोन माणसं दोन बाजूंनी वाकणार, मधे काडी धरून मुनीमजी. झुरका त्या दोघांचा, धूर सगळा यांचा!

*

हिवाळ्यात ते खोकायला लागले. मी मोठ्या मनानं एग्झॉस्ट फॅन लावला. चालू केला, तर सौद्याची काडीच विझली!

"अबे, बंद कर थो पंखा!" वसंता ओरडला. "अपशकुन करून राहिला!"

पंखा बंद झाला. थंडी होती म्हणून दारही बंद. मी म्हटलं, "मुनीमजी, तुम्ही खाली सरकून बसा. धूर वरते जाते." माझं विज्ञान एवढंच! ते "हाव शेठ" म्हणाले आणि सरकून बसले.

*

मग वसंतानं जामसांवलीच्या मारुतीपुढं नवस केला, शनिवारी बिडी बंद. पाळलाही! फक्त शनिवारी तो सगळ्यांच्या आधी यायचा आणि पिणाऱ्यांच्या मधोमध नाक वर करून बसायचा.

"काऊन बे, तुले तं बंद आहे ना?"

"मी कुठं पिऊन राहिलो? मी तं बसून राहिलो!"

जाताना पोट भरल्यासारखा उठायचा. "झाली आपली! मारुती पण खुश, मी पण खुश!"

आम्ही लोळून हसायचो. नुसतं बसणाऱ्यालाही धूर मिळतो, हे आम्हाला डॉक्टरनं सांगायची गरजच नव्हती. पण मुनीमजीही तिथंच बसतात, हे कोणाच्या तोंडून निघालं नाही.

*

यंदा मंडीत तपासणीचं शिबिर आलं. सिस्टरजवळ हातात मावेल एवढी मशीन. तिच्यात फुंकायचं, श्वासात धुराचा गॅस किती ते आकड्यात दिसतं. आम्ही मशीन खुपसून कापसाचा ओलावा पाहणारी माणसं. आकडा दिसला की घासाघीस आलीच!

वसंतानं फुंकलं. आकडा भलताच वर गेला. हा म्हणतो, "ताई, थोडा कडता कापा ना! आम्ही तं दर पोत्यामागं वजन कापतो."

सिस्टर म्हणाली, "मी विकत नाही घेऊन राहिली भाऊ, मोजून राहिली!"

मी तर बिडीचा वास लपवायला दात घासून, वर सौंफ चावून गेलो होतो. कापसावर पाणी मारून आणणारा शेतकरी मी लांबून ओळखतो. त्या बाईनं मला एका फुंकरीत ओळखलं!

*

मग मी मुनीमजींना पुढं केलं. "आता पाहा ताई, एकदम चोख माल!"

ते फुंकले. सिस्टरनं आकडा पाहिला, पुन्हा फुंकायला लावलं. रोज थोडी थोडी पिणाऱ्याचा असतो, तेवढा आकडा. ती हळूच म्हणाली, "काका, लाजू नका. दिवसाला किती होतात?"

"पीत नाही, बाई."

"सगळे असंच म्हणतात, काका."

मागं रांगेत कोणीतरी हसलं. "लपून मारते वाटते मुनीमजी!"

मुनीमजी वळले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "शेठ, तुम्ही सांगा ना."

मी काय सांगितलं असेल? "मशीन खराब आहे!"

सिस्टरनं स्वतः फुंकून दाखवलं. जवळपास शून्य. मग तिनं विचारलं, "काका, तुम्ही बसता कुठं?"

वसंतानं, जन्मात पहिल्यांदा मस्करी न करता, माझ्याकडे बोट दाखवलं. "यायच्या गादीवर. आमच्या मधात."

"ही मशीन काल-आजचाच धूर सांगते," सिस्टर म्हणाली. "इतक्या वर्षांत छातीचं काय झालं, थे मोठ्या दवाखान्यात पाहा लागन."

*

दुसऱ्या दिवसापासून मुनीमजी आले नाहीत. त्यांच्या घरी नुकतीच नात झाली होती. मी मिठाई घेऊन गेलो. म्हटलं, गादीवर बिडी बंद केली हे सांगू, आणि त्यांना घेऊनच येऊ.

वहिनींनी, मुनीमजींच्या बायकोनं, दारातच डबा घेतला. खुर्ची अंगणात टाकली, उन्हात. आतून मुनीमजींचा खोकला ऐकू येत होता आणि मधेच पोरीचं रडणं.

चहा संपला. मला कोणी आत बोलावेना. शेवटी मीच उठलो. "वहिनी, पोरीचं तोंड तं पाहू द्या. खरं सांगतो, सकाळपासून एक बिडी पेटवली नाही."

वहिनी दारातून हलल्या नाहीत.

"यायनं तं भाऊ, जलमभर नाही पेटवली."