परंड्याचा डबा

अक्काचा आमच्यावर इतका अविश्वास होता, की घरून आलेल्या डब्याचं झाकण पुढंपुढं तिनं आम्हाला आपल्या हातानं उघडू दिलं नाही. धाराशिवात एम.एस्सी.ला असताना आम्ही तिघी एका खोलीत भाड्यानं राहायचो. तेरखेड्याची मनीषा, सास्तूरची मी आणि परंड्याची अक्का. डबे गावाकडून सकाळच्या एस.टी.नं यायचे. घरच्यांनी ते ड्रायव्हरच्या हातात द्यायचे, इथं आपण स्टँडवर जाऊन घ्यायचे आणि कालचे रिकामे डबे त्याच गाडीनं माघारी पाठवायचे. हे स्टँडवर जायचं काम अक्कानं स्वतःकडे घेतलं होतं. तिला सकाळी फिरायला आवडत असेल, असं आम्ही समजून चाललो होतो.

ती आमच्याच वर्गातली, पण लग्न झालेली आणि आमच्याहून बरीच मोठी. हजेरीत सर तिचं खरं नाव घ्यायचे, तेव्हा ही कोण बाई असं आम्हालाच वाटायचं. नवरा कारखान्यात नोकरीला होता. घर, शेरडं आणि चिमुरडी मुलगी सासूच्या अंगावर टाकून अक्का शिकायला आली होती. घरी बोली झाली होती ती दोन वर्षांची. एखादा पेपर राहिला तर पुन्हा परीक्षेला यायची सोय नव्हती. आम्ही नापास झालो तर घरी चार दिवस रडारड झाली असती. तिचं शिक्षणच संपलं असतं.

सेमिस्टरचा शेवट आला की आमच्या खोलीत माणसं राहायची नाहीत, भुतं राहायची. सबमिशन, प्रॅक्टिकल, व्हायवा, सगळं एकदमच अंगावर यायचं. टाइमटेबल लागलं की मी रात्र रात्र वही घेऊन बसायचे. मनीषाची तर अन्नावरची वासनाच उडायची. डबा भरलेला परत गेला तर आई फोन करून जीव खाईल, म्हणून ती भाकरी गुपचूप घरमालकाच्या म्हशीला घालायची. एकदा अक्कानं तिला गोठ्यापाशी पकडलं. ओरडली नाही. त्या दिवसापासून तिनं कायदाच केला. सगळे डबे एका परातीत रिकामे करायचे, तेही अक्कानंच, आणि परात संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.

या कायद्याचा मला मनस्वी राग यायचा. इकडे युनिट कच्चं राहिलंय आणि ही बया आपली भाजी वाढतेय. मी पुस्तक मांडीवर घेऊन बसले की ती ते उचलून कॉटवर टाकायची आणि म्हणायची, "पेपर राहिला तर राहू दे. आदी जेव." स्वतःची गत काय आहे ते ठाऊक असून ती हे कसं म्हणू शकायची, हे मला कळायचं नाही. जेवताना ती सारखी काहीतरी विचारत राहायची, सरांची नक्कल करायची, मनीषाला हसवायची. बोलण्याच्या नादात आमचे चार घास जास्त जायचे. ती स्वतः किती जेवते, हे त्या गडबडीत बघतंय कोण.

चौथ्या सेमिस्टरचं सबमिशन आलं आणि एका सकाळी सरांनी अक्काला विभागात बोलावून घेतलं. मी प्रोजेक्टच्या बाइंडिंगसाठी स्टँडकडेच निघाले होते. अक्का मला नको नको म्हणत होती, उशिरानं मी जाते म्हणत होती, पण मी तिचं ऐकलं नाही. सास्तूरचा डबा घेतला, तेरखेड्याचा घेतला आणि परंड्याच्या गाडीपाशी गेले. ड्रायव्हरकाकांनी माझ्याकडे नवलानं बघितलं.

"परंड्याचा डबा? त्यो संक्रांतीपासनं बंद हाय की, ताई. त्या बाई रोज येत्यात, लेकीची खुशाली इचारत्यात आन जात्यात."

मी खोलीवर आले आणि अक्काच्या कॉटखाली हात घातला. तिथं कापडी पिशवीत तिचा डबा होता, कोरडा ठणठणीत. रोज सकाळी ती तो रिकामाच घेऊन जात होती आणि रिकामाच परत आणत होती. परातीत तिन्ही डबे उपडे व्हायचे आणि कुणाचं काय हे कळायचं नाही. मनीषासाठी केलेल्या कायद्याच्या आड अक्काची भूक लपत होती. मला रडूही आलं आणि संतापही आला. आम्ही दोघी तिच्यासमोर पोटभर जेवत होतो आणि आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती.

ती आल्यावर मी तिला सरळच सांगितलं, की ड्रायव्हरकाका बोलले. ती वह्या नीट लावत होती. वर न बघता म्हणाली, "मनीला सांगू नको. तिचं उद्या प्रॅक्टिकल हाय."

मग थोडं थोडं करून तिनं सांगितलं. डबा सासूनंच बंद केला होता. तिचं म्हणणं असं, की पोट रिकामं झालं म्हणजे आपोआप घरी येईल. सासूला मी कितीदा मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील. अक्का मात्र तिला वाईट म्हणायची नाही. शेरडांमागं हिंडून सासूबाईंचे गुडघे गेलेत, एवढंच म्हणायची. मी आईला फोन करून भाकरी वाढवून पाठवायला सांगितलं. आईनं का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण बसत नव्हतं, फडक्यानं बांधून आला होता. शेंगाचटणी तर अख्ख्या खोलीला पुरली असती. अक्कानं फडकं सोडलं, माझ्याकडे बघितलं आणि परातीत वाढायला लागली.

पेपर सुरू झाले. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी अक्काचा नवरा मोटरसायकल घेऊन दारात उभा राहिला. बोलायला मवाळ माणूस. आईला बरं नाही, आत्ताच चल, म्हणाला. मी आणि मनीषा कॉटवर बसलो होतो. अक्कानं त्याला पाणी दिलं.

"उद्या शेवटचा पेपर हाय," ती म्हणाली. "तुमी थांबा न्हायतर जावा. म्या पेपर देऊनच येनार."

"आन तवर आईला काय झालं तर?"

तिनं त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाली, "तर जल्मभर ऐकून घीन."

तो गेला नाही. स्टँडजवळ कुठंतरी मुक्काम करून सकाळी परीक्षेच्या ठिकाणी फाटकापाशी येऊन बसला. माझ्यापुढं दोन बाकं सोडून अक्का होती. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर तिनं पेनचं टोपणसुद्धा काढलं नाही. खिडकीतून फाटक दिसत होतं आणि ती तिकडेच बघत होती. मी मनात एकच घोकत होते, लिही अक्का, लिही. शेवटी तिनं ओढणीनं तोंड पुसलं, खाली वाकली आणि घंटा होईपर्यंत मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर नळावर तोंड धुऊन ती गाडीवर मागं बसली. मनीकडं लक्ष दे, निकाल लागेपर्यंत ती धड जेवायची नाही, एवढंच मला बजावलं. सासू खरंच आजारी होती का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

निकाल लागला तेव्हा अक्काचा फोन बंद होता. मी तिच्या नवऱ्याच्या नंबरवर लावला. तो आमचा शेवटचा फोन. नंतर तो नंबरही कधी लागला नाही. त्या दिवशी मात्र तिनंच उचलला.

"अक्का, पास झालीस तू. फर्स्ट क्लास."

"परत सांग."

मी परत सांगितलं. काहीतरी खुडखुड झाली, तिनं फोन स्पीकरवर टाकला. "आता मोठ्यानं सांग," ती म्हणाली. मी गच्चीवर उभी राहून गळा फाडून ओरडले. शेजारच्या गच्चीवरच्या बायका बघायला लागल्या.

पलीकडून म्हाताऱ्या सासूचा थकलेला आवाज आला, "झालं न्हवं आता तुमच्या मनासारखं? मग आता हिला फोन करत जाऊ नका, बाई."

तेवढ्यात एक लहान आवाज आला, "आई, काय झालं?"

आणि फोन तुटायच्या आत अक्का म्हणाली, "म्या पास झाले, बाळा."