अंदमानला जायचं ठरलं तेव्हा

आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आदिलाबाद जिल्ह्यातून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र लांबच पडतो, आणि आमच्या माणसांना तेवढी सवड कुणी कधी दिली नाही. आजोबा सालदार होते, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. बाबा शिकले, मराठी शाळेत भूगोलाचे मास्तर झाले आणि निवृत्त होईपर्यंत फळ्यावर बेटाची व्याख्या लिहीत राहिले. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग. व्याख्या त्यांना झोपेतही पाठ होती. बेट मात्र त्यांनी नकाशाबाहेर कधी पाहिलं नाही.

मी उटनूरला एका सरकारी ऑफिसात कारकून आहे. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्याचा इथे काही संबंध नाही. आई, बाबा आणि मी असे तिघे उटनूरला राहतो. धाकटा भाऊ हैदराबादला नोकरी करतो आणि रविवारी फोनवरून घर चालवतो.

लॉकडाऊनच्या आधीच्या हिवाळ्यात बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आम्हा महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या लोकांना मोठा दवाखाना म्हटलं की नागपूर, म्हणून भाऊ आणि मी त्यांना तिथे घेऊन गेलो. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. हा मोतीबिंदू नव्हे, पिकला की काढून टाकू असं याचं नसतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. दिवसातून दोनदा थेंब घाला, दर चार महिन्यांनी डोळ्यांतला दाब तपासायला या, गरज पडली तर औषध बदलू. तारीख चुकवू नका, असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कागद माझ्या हातात होते.

बाहेर बाकावर बसलो असताना भावानं विचारलं, "बाबा, काय पाहाचं राह्यलं तुमचं?"

बाबांनी फार विचार केला नाही. म्हणाले, "बेट."

घरी आल्यावर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्याच्यासाठी येवढ्या दूर काऊन जाता? पावसाळ्यात आपल्या घराच्या चारी बाजूनं पानीच रायते. उंबऱ्यावर बसा आन पाहा."

पण ठरलं. बाबांची नजर आहे तोवर त्यांना बेट दाखवायचं. भावानं अंदमान काढलं, कारण तिथे विमानाने जाता येतं आणि म्हाताऱ्या माणसाला फार चालावं लागत नाही. उन्हाळ्याची तिकिटं काढली. बाबांनी भिंतीवरच्या भारताच्या नकाशासमोर खुर्ची टाकली, आणि संध्याकाळी कुणीही आलं की बंगालच्या उपसागरात बोट टेकवून सांगायचे, "हे अंदमान. इथं चाललो आमी." आईनं जवसाची चटणी किती दिवस टिकते याची चौकशी सुरू केली. तिथे ज्वारीची भाकर मिळत नाही हे कळल्यावर तिचा उत्साह निम्म्यावर आला.

मग लॉकडाऊन लागला. विमानं बंद, गाड्या बंद, सीमेवरच्या पैनगंगेच्या पुलावर पोलीस. नागपूरचा दवाखानाही बंद. बाबांची पहिली तारीख गेली ती अशी. मी त्यांना सांगितलं, "दवाखाना बंद आहे, बाबा," आणि त्या वेळी ते खरं होतं.

पावसाळ्यातल्या तारखेलाही मी तेच सांगितलं. तेव्हा मी फोन करून विचारलंसुद्धा नव्हतं. पुलापलीकडे जायला बस नव्हती, ऑफिसात माणसं एकामागून एक आजारी पडत होती आणि माझ्या टेबलावर कागदांचा ढीग होता. परगावाहून आलेल्यांच्या याद्या, घरात थांबवलेल्यांच्या याद्या, कुणाच्या दारावर चिठ्ठी लावायची त्या याद्या. संध्याकाळी मी घरी आले की कपडे दारातच काढून बादलीत टाकायचे, अंघोळ करायची आणि मग आईशी बोलायचं. बोलण्याइतकं त्राण उरलेलं नसायचं. नागपूरला फोन करायचं रोज मनात यायचं आणि रोज उद्यावर जायचं.

हिवाळ्यात बेटं पुन्हा उघडली. भाऊ तर टपूनच बसला होता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसा एकेक नियम पुढे यायला लागला. तिथे उतरताना कोरोना नसल्याचा रिपोर्ट हवा, आणि नाकातला नमुना अठ्ठेचाळीस तासांच्या आत दिलेला हवा. आमच्याकडे नमुना दिला की रिपोर्ट तिसऱ्या दिवशी यायचा, कधी चौथ्या. म्हणजे उटनूरला नमुना देऊन उपयोग नाही. आधी हैदराबादला जायचं, तिथे द्यायचा, भावाच्या दोन खोल्यांत चौघांनी कुणालाही न शिवता बसायचं आणि रिपोर्ट आला की पळायचं. बाबांनी जन्मभर परीक्षांची वेळापत्रकं केलेली. त्यांनी मला कागद घ्यायला लावून तासातासाचं वेळापत्रक सांगितलं. स्वतः का लिहीत नाहीत, हे मला विचारावंसं वाटलं नाही. मास्तर सांगतात आणि कारकून लिहितात, असं मी धरून चालले.

दर रविवारी फोनवर तीच चर्चा. एखाद्याचा रिपोर्ट वाईट आला तर बाकीच्यांनी जायचं की नाही? आई म्हणायची, "मी रायतो घरी, तुमी जा." भाऊ म्हणायचा, सगळे जाऊ नाही तर कुणीच नाही. बाबा म्हणायचे, वेळापत्रक परत वाच. मी वाचायची. मला बेट नको होतं, समुद्र नको होता, मला आठ दिवस नुसतं झोपायचं होतं. तरी साहेबांसमोर उभी राहून, ऑफिसच्या तेलुगूत ‘सेलवु’ म्हणतात ती रजा, मी मागितली आणि त्यांनी तोंड वाकडं करून दिली.

निघायला बारा दिवस होते तेव्हा बाबांची नागपूरची तारीख आली. या वेळी मी फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सुरू आहे ना, या तुम्ही. मास्क लावून या फक्त."

मी फोन ठेवला आणि समोरच्या कागदाकडे पाहत बसले. महाराष्ट्रातून परतणाऱ्याने चौदा दिवस घरात थांबायचं, दारावर चिठ्ठी लागेल, असं त्या कागदात होतं. यादी मीच टाइप करायची. नागपूरला गेलो तर अंदमान गेलं. शिवाय दवाखान्यातली गर्दी, कुणाचा खोकला लागला तर रिपोर्टही गेला. दुसरं कुणी असतं तर त्यानं नाव यादीत न घालता निभावून नेलं असतं. माझ्या हातून ते झालं नसतं, त्याचा मला तेव्हा अभिमानही होता. दाब तपासायचं काय, पंधरा-वीस दिवस उशिरा तपासू. थेंब तर चालूच आहेत. चहा संपेपर्यंत माझं ठरलं होतं.

घरी गेल्यावर मी बाबांना म्हणाले, "फोन केला होता. अजून बंदच आहे दवाखाना."

"बरं," बाबा म्हणाले. "आल्यावर पाहू."

आणि निघायच्या आठवडाभर आधी भावालाच ताप आला. रिपोर्ट वाईट आला. फार त्रास झाला नाही त्याला, पण चौघांची वाट लागली. तिकिटं पुढच्या मार्चवर ढकलली. आता मोकळे होतो, नागपूरला जायला हवं होतं. पण रजा मी रद्द केली होती, आणि दवाखाना बंद आहे असं एकदा सांगून बसलेली मी, तो उघडल्याचं कधी सांगू, याचा मुहूर्त शोधत राहिले. दोन-तीनदा तोंडापर्यंत आलं. दर वेळी वाटलं, बाबा विचारतील, कधी उघडला? मार्चमध्ये पलीकडे महाराष्ट्रात पुन्हा आजार वाढला. तिकिटं पुन्हा पुढे गेली आणि मला, खरं सांगते, थोडं हायसंच वाटलं.

या सगळ्या वर्षात बाबांची नजर कमी होत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. पण त्या वर्षी घराबाहेर कुणी जातच नव्हतं, तर ते कशाला अडखळतील? भीतीपोटी पेपर बंद केला होता, त्यामुळे ते वाचत नाहीत हे दिसलं नाही. तोंडावर मास्क बांधून दारात आलेल्या माणसाला ओळखलं नाही तर त्यात नवल ते काय. घर त्यांच्या पायाखालचं होतं. आणि संध्याकाळी ते नकाशासमोर बसून अगदी बरोबर ठिकाणी बोट टेकवत होते. पस्तीस वर्षं वर्गात हा नकाशा शिकवलेल्या माणसाला त्यासाठी डोळे लागत नाहीत, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

आमच्याकडे चौदा एप्रिलच्या आधी घराला रंग देतात. भीमजयंतीला घर जुनं दिसता कामा नये, आजार असो की काही असो. त्या वर्षी मिरवणूक निघणार नव्हती, तरी आईनं निळा रंग आणलाच. रविवारी मी भिंतीवरचं सगळं उतरवलं, नकाशाची गुंडाळी करून कपाटावर ठेवली आणि भिंत रंगवली. बाबा मागच्या अंगणात बसले होते. दुपारी रंग वाळल्यावर ते आत आले, आपल्या खुर्चीवर बसले. शेजारच्या काकू दारात लांबच उभ्या राहून आईशी बोलत होत्या. त्यांनी थट्टेनं विचारलं, "काय गुरुजी, कवा जाता मंग तुमच्या बेटावर?"

बाबांनी हात वर केला आणि कोऱ्या निळ्या भिंतीवर बोट टेकवलं. "हे पाहा अंदमान," ते म्हणाले. "इथं जाचं हाय."

काकू हसल्या. त्यांना वाटलं, गुरुजी विनोद करून राह्यले. आईलाही तसंच वाटलं. मी हातातला ब्रश खाली ठेवला आणि बाबांच्या जवळ गेले. त्यांचा चेहरा गंमत करणाऱ्याचा नव्हता. काकू गेल्यावर मी विचारलं, "बाबा, नकाशा कुठं आहे?"

त्यांनी भिंतीवर तळवा फिरवला. मग हळूच म्हणाले, "काढला काय?"

आई खाली बसली. मी रागावले, फार रागावले, आवाज चढवून विचारलं की कधीपासून दिसत नाही आणि सांगितलं का नाही. ते म्हणाले, "हिवाळ्यापासून कमी होऊन राह्यलं. उजेड समजते, मानूस उभा हाय ते समजते. सांगतलं असतं तर तुमी अंदमान मोडून टाकलं असतं. तुया भाऊ दर इतवारी येवढा जीव लावून बोलते." इतकं बोलून त्यांनी हात मांडीवर ठेवले.

एप्रिलमध्ये नागपूरचं नावही काढायची सोय नव्हती. तिथे माणसांना खाटा मिळत नव्हत्या. आम्हाला जायला मिळालं ते पेरण्या सुरू झाल्यावर. भाड्याची जीप केली, आईला घरी ठेवलं, बाबा आणि मी गेलो. डॉक्टर तेच होते, थकलेले दिसत होते. त्यांनी बाबांचे डोळे तपासले, जुने कागद पाहिले आणि मला विचारलं, "दीड वर्षं आला नाहीत तुम्ही?"

मी म्हणाले, "बंद होतं ना सगळं."

"आम्ही सुरुवातीचे काही आठवडेच बंद होतो," ते म्हणाले. "त्यानंतर एक दिवस बंद ठेवलं नाही. डिसेंबरात आला असता तर औषध बदललं असतं, नाही तर ऑपरेशन केलं असतं. बरीच नजर राहिली असती."

बाबा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. त्यांचे कान चांगले आहेत. त्यांनी मान वळवली नाही. डॉक्टरांनी थेंबांची नवी बाटली लिहून दिली, उरलेल्या उजेडासाठी.

परतताना जीपमध्ये बाबा माझ्याशेजारी बसले. मला वाटत होतं त्यांनी बोलावं, ओरडावं, वर्गात चुकणाऱ्याला बोलायचे तसं बोलावं. मी सांगायला सुरुवात केली, "बाबा, डिसेंबरात मी..." पण त्यांनी माझं मनगट शोधून धरलं.

"घरी सांगजो, दवाखाना बंदच होता म्हून," ते म्हणाले. "तुया आईले आन तुया भावाले दुसरं काई सांगू नोको."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. जीपमधून उतरताना बाबांना हात देत तिनं विचारलं, "काय म्हने डॉक्टर? उशीर काऊन झाला म्हने?"

मी जीपच्या भाड्याचे पैसे मोजत राहिले. बाबाच बोलले, वर्गात उत्तर सांगावं तसं, स्पष्ट. "त्यायचा दवाखाना बंद होता सालभर. आपल्या हाताचं काय होतं त्याच्यात?"

आईनं त्या दवाखान्याला दोन शिव्या घातल्या आणि भाकरी टाकायला आत गेली. मी बाबांच्या चपला काढल्या, त्यांना खुर्चीवर बसवलं. रविवारी भावाचा फोन आला, त्यालाही तेच सांगितलं गेलं, आणि सांगताना मी तिथेच बसले होते.