पोर्चमधून आलेला आवाज

या सदरातले अनुभव मी गेली काही वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागे कोणीतरी येऊन बसतं... मी अमरावतीच्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. भूत पाहिलं म्हणणाऱ्या मुलाला मी आधी रात्री काय जेवला होतास ते विचारायची. त्यामुळे आज मी इथे लिहिते आहे याचं सर्वात जास्त नवल मलाच वाटतंय. आमच्या ह्यांना कळलं असतं तर हसून हसून त्यांना ठसका लागला असता.

हे मूळचे दर्यापूरकडचे. घरी शेती, नोकरी पाटबंधारे खात्यात, आणि बोलणं शेवटपर्यंत अस्सल वऱ्हाडी. मी अकोल्याची, मास्तरांच्या घरातली. मी 'तुम्हाला' म्हणायची, हे 'तुले' म्हणायचे, आणि असाच आमचा संसार झाला. रिटायर झाल्यावर ह्यांनी इलेक्ट्रिक कार घेतली. बडनेरा रोडकडच्या आमच्या कॉलनीत ती पहिलीच. लोकांनी काय काय विचारलं! अकोल्याला जाऊन परत येईल का, पावसात शॉक बसतो का, आणि सगळ्यात लाडका प्रश्न म्हणजे विकायला काढली तर कोण घेईल? ह्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "विकाले नाही घेतली बाप्पा, चालवाले घेतली."

पहिल्यांदा अकोल्याला माझ्या बहिणीकडे निघालो तेव्हा बॅटरी पुरणार नाही या भीतीने ह्यांनी मूर्तिजापूर मागे पडलं तरी एसी लावू दिला नाही. मे महिना! अकोल्याला पोचलो तेव्हा आम्ही दोघं घामाने निथळत होतो आणि बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. बहिणीने दार उघडून विचारलं, "बसनं आलात का?" त्यावरून मी ह्यांना वर्षभर चिडवलं.

पण गाडीचं खरं कौतुक ह्यांना वेगळंच होतं. आमच्याकडे लाइट जात नाही, 'लाईन जाते', आणि उन्हाळ्यात नेमकी दुपारी जाते. इन्व्हर्टरवर पंखा फिरायचा, पण आमचा जुना मोठा कूलर त्याला झेपायचा नाही. आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात नुसता पंखा म्हणजे अंगावर भट्टीची हवा. ह्या गाडीच्या बॅटरीतून घराला वीज घेता येते हे समजल्यावर ह्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून पोर्चमध्ये मीटरशेजारी एक खटका बसवून घेतला. खटका वर असला की खांबावरची वीज, खाली केला की गाडीची. गाडीला एक अडॅप्टर लावायचा, त्याची वायर खटक्याखालच्या सॉकेटमध्ये. झालं.

पण हे काम दोन माणसांचं होतं. कूलरचं बटण चालू ठेवून वायर जोडली की अडॅप्टर एकदम लोड घेऊन बंद पडायचा. म्हणून लाईन गेली की मी आत कूलरचं बटण बंद करायची. हे पोर्चमध्ये जाऊन खटका, अडॅप्टर, वायर सगळं करायचे आणि तिथून ओरडायचे, "लाव वं आता!" मग मी बटण दाबायची. ते बटण माझ्या पलंगाच्या उशाशी आहे. मला उठावंही लागायचं नाही, पडल्यापडल्या हात वर नेला की झालं. कितीतरी उन्हाळी दुपारी मी अर्धवट झोपेत हे केलंय. आवाज आला की बटण दाबायचं, गार वारा आला की कूस बदलायची.

दिवाळीनंतर हे गेले. हृदयविकार. दवाखान्यात नेईपर्यंत बोलत होते, त्यानंतर नाही.

मुलगा पुण्याला असतो. निखिल स्वभावाने चांगला आहे, जरा घाई आहे इतकंच. दिवस झाल्यावर त्याने घर आवरलं. गाडीची वायर, अडॅप्टर सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. "आता हे कोण करणार, आई?" म्हणाला. बरोबरच होतं. मला गाडी चालवता येत नाही आणि गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी स्टूलवर चढायलाही बंदी केली आहे.

मग गाडी विकायचं निघालं. निखिलचा रोज फोन. "आई, इलेक्ट्रिकचा भाव दर महिन्याला उतरतो. नवी मॉडेल्स येतात, जुन्या बॅटरीवर कोणी भरवसा ठेवत नाही. आत्ताच काढून टाक." आणि त्याच्या मागचं वाक्यही मला ठाऊक होतं. गाडी गेली की मग घर, आणि मग मी पुण्याला, त्याच्या अकराव्या मजल्यावर. "आमच्या सोसायटीत लाइट जातच नाही," हे तो मला मोठं आमिष म्हणून सांगायचा.

मी हो म्हणत होते, कारण नाही म्हणायला कारण नव्हतं. इथे माझं कोण होतं? बाई सकाळी कामाला येऊन जायची, त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी एकही शब्द बोलायची नाही. उभी गाडी बिघडू नये म्हणून आठवड्यातून एकदा ती चालू करून ठेव असं निखिलने बजावलं होतं. मी ह्यांच्या सीटवर बसून बटण दाबायची. पेट्रोलच्या गाडीचा निदान आवाज तरी होतो. ही चालू झाली तरी काहीच होत नाही. मी पोर्चमध्ये, बंद काचांच्या आत, समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. किती एकटं वाटायचं ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

तर, मे महिन्यातली दुपार. जेवून पडले होते. दाराला आतून कडी, गेटला आतून कुलूप. या वेळी आमच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. कूलरची घरघर थांबली, लाईन गेली. मी सवयीने हात वर नेऊन बटण बंद केलं आणि घामेजून तशीच पडून राहिले. डोळा लागला असावा. मग पोर्चमधून आवाज आला.

"लाव वं आता."

मी बटण दाबलं. कूलर सुरू झाला. वारा आला, मी कूस बदलली आणि गाढ झोपले.

चहाच्या वेळेला जाग आली. कूलर चालूच होता. आता हे आत येतील, चहा मागतील, असं मनात आलं... आणि मग आठवलं.

मी उठून बसले. कूलर काही इन्व्हर्टरवर चालत नाही. वाटलं, लाईन आली असेल. पण बाहेर शेजारणी गॅलरीत पदराने वारा घेत वीज मंडळाचा उद्धार करत होत्या. कॉलनीत वीज नव्हती. दाराची कडी मी काढली, म्हणजे ती लागलेली होती. पोर्चमध्ये खटका खाली होता. अडॅप्टर गाडीला लावलेला, वायर सॉकेटमध्ये, आणि ह्यांच्या पद्धतीने वायरचा वेढा आरशावर टाकलेला, पायात येऊ नये म्हणून.

गोणपाट माळ्यावरच होतं, खालूनही दिसत होतं. रिकामं.

तुम्ही म्हणाल, बाई झोपेत चालल्या. मीसुद्धा स्वतःला तेच सांगितलं. विद्यार्थ्यालाही हेच सांगितलं असतं. फक्त माझे गुडघे त्या माळ्यापर्यंत कसे चढले ते मला समजत नव्हतं. निखिलला मी काही बोलले नाही. तो मला दुसऱ्या दिवशीच पुण्याला घेऊन गेला असता.

त्याच आठवड्यात त्याने ऑनलाइन शोधलेलं गिऱ्हाईक आलं. बाळापूरचा तरुण, गुराढोरांच्या औषधांचं दुकान असलेला. मोटरसायकलवर उन्हातान्हात आला होता, डोक्याला दुपट्टा बांधून. मी त्याला ताक दिलं. गाडीभोवती फिरला, टायर पाहिले, बॅटरीचा रिपोर्ट पाहिला.

"काकू, या गाडीवर घरची लाईन चालते म्हन्ते, ते दाखवता का? दुकानात जनावराईच्या लसा ठेवा लागते जी, लाईन गेली का फ्रीज बंद. मले त्याच्यासाठीच पायजे."

माणूस चांगला होता आणि गाडी चांगल्या कामाला जाणार होती. मी मनाशी ठरवलं, द्यायची. आत जाऊन कूलरचं बटण नीट बंद केलं. दोनदा पाहिलं, कारण अडॅप्टर बंद पडला तर त्याच्यासमोर फजिती. बाहेर येऊन खटका खाली केला. त्या दुपारनंतर खालीच काढून ठेवलेला अडॅप्टर गाडीला लावला, वायर जोडली. इतकी वर्षं फक्त पाहिलेलं काम आयुष्यात पहिल्यांदा केलं. आता आत जाऊन बटण दाबायचं, असा बेत. पण त्या जागी उभं राहिल्यावर तोंडातून आपोआप निघालं,

"लावा आता!"

आणि आत कूलर सुरू झाला.

तो खुश झाला. "वा! काका हायेत म्हना घरात. मले वाटलं तुमी एकल्याच हा."

मी गाडीला धरून उभी राहिले. भीती वाटली का? नाही. खरं सांगते, मला रडू येत होतं आणि ते त्या मुलासमोर येऊ नये एवढीच धडपड चालली होती.

"बोलवा ना काकाले," तो म्हणाला. "गाडीच्या दोन गोष्टी इचारून घेतो."

"ते नाही बाहेर येणार," मी म्हटलं. "आणि गाडी नाही द्यायची आम्हाला. तुम्हाला उगाच त्रास झाला."

"काहून जी? आता तं द्याची होती."

"ह्यांनी चालवायला घेतली आहे," एवढंच मला सुचलं. बिचारा थोडा रागावला, पण दुसरा ग्लास ताक पिऊनच गेला.

तो गेल्यावर मी आत आले. घरात कोणी नव्हतं. कूलर चालू होता, बटण दाबलेलं होतं. मी पलंगावर बसून खूप वेळ बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

निखिलला फोन करून सांगितलं, गाडी विकत नाही, मीही येत नाही. "आई, भाव आणखी पडेल," म्हणाला. म्हटलं, पडू दे. तो अजून नाराज आहे. त्याच्याकडे लाइट जातच नाही. तिथे मला कोण हाक मारणार, हे त्याला कसं सांगू?

त्यानंतर काही झालं नाही. लाईन पुष्कळदा गेली. आता सगळं मीच करते. पोर्चमध्ये जाऊन वायर जोडते, हाक मारून थोडी थांबते, मग आत येऊन स्वतःच बटण दाबते. जे घडलं त्याचा खुलासा माझ्याजवळ नाही, आणि तुमच्यापैकी कुणाजवळ असला तर कृपा करून मला सांगू नका.

कधीकधी मात्र लाईन गेली तरी मी उठत नाही. सारी कॉलनी गॅलरीत येऊन शिव्या घालत असते. मी घामात तशीच पडून राहते, डोळे मिटून, उशाशी बटणावर हात ठेवून.