दिवेलागणीची गोळी

"आज राहू दे गो, उद्या घेते." गोळी चिमटीत धरून आक्का असं म्हणायची, आणि माझं डोकं फिरायचं.

आक्का म्हणजे महाडला आमच्या शेजारी राहणारी. माहेर वरंधकडचं, नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांना मी दाजी म्हणायचे. मी शाळेत शिकवायचे. वर्गातल्या सगळ्या पोरांनी मिळून माझा जेवढा जीव खाल्ला नसेल तेवढा या एका बाईने एका गोळीपायी खाल्ला.

एका पावसाळ्यात तिचं सगळ्यावरून मनच उडालं. कारण विचारू नका, तिलाही माहीत नव्हतं. जेवण सुटलं, वेणीफणी सुटली, बोलणं सुटलं. एकदा विहिरीवर गेली ती काठावर पाय आत सोडून बसून राहिली. दाजींनी हाताला धरून घरी आणली. मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून गोळ्या आल्या आणि हळूहळू बाई माणसात आली.

गोळीने झोप यायची, हे खरं. पण ही ती घ्यायची कधी? दाजी दुसऱ्या पाळीवरून येणार, जेवणार, ही भांडी घासणार, आणि मग गोळी. साहजिकच सकाळी डोळ्यांवर झापड. दूध उतू गेलं, पोराला शाळेला उशीर झाला, की दोष गोळीला.

गावातल्या डॉक्टरांनी समजावलं, "दिवेलागणीला घ्या आणि लवकर आडव्या व्हा. सकाळी जड वाटणार नाही. पण आपल्या मनाने बंद करायची नाही."

"माणूस जेवला नाय, आन मी कलंडू?" घरी येताना आक्का म्हणाली.

"दाजींना हात नाहीत का वाढून घ्यायला?"

"त्यांच्या हाताला ग्रीस असतं गो."

पुढे तर ती "घेतली" म्हणायची, आणि पदराची गाठ सोडली की आत गोळ्याच गोळ्या. मग मी तिला बालवाडीतल्या पोरासारखा 'आ' करायला लावायचे.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं लोटतात. आक्काच्या अंगणात मुंबईची, वरंधची, उमरठची, ओळखीची आणि ओळखीच्यांच्या ओळखीची मंडळी उतरायची. पहाटे उठून त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, वालाची आमटी. आपल्या दारातून कोणी उपाशी तळ्यावर जात नाही, याचा तिला केवढा अभिमान. म्हणून त्या वर्षी बाईने पहाटेची जाग यावी यासाठी गोळीच बंद केली. कोणाला न सांगता. पाहुणे तृप्त होऊन गेले आणि हिची झोपच उडाली. वासरू हरवलेल्या गाईसारखी घरात नुसती फिरायची. मग पुन्हा ती विहीर. या खेपेला मी धरून आणली. रस्ताभर तिला शिव्या घातल्या, कारण रडले असते तर मला चालता आलं नसतं.

पुढच्या मार्चात मी कंबर कसली. अंगण पाहुण्यांनी भरलेलं, आणि मी दिवेलागणीला पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर उभी.

"आज नको गो. माझी अब्रू जाईल."

"जाऊ दे. तू राहा."

तिने माझ्याकडे बघितलं आणि गोळी गिळली.

सकाळी आक्का गाढ झोपलेली. मुंबईची नणंद चुलीपुढे बसली. तिला सवय स्टोव्हची, धुराने डोळे लाल. भाकऱ्या जाड, एका अंगाने काळ्या. दाजी आमटी वाढत होते. आक्काला उठवायला निघालेल्या दोघींना मी दारातच अडवलं, जरा तोडूनच बोलले.

ऊन अंगणात आल्यावर ती उठली. नणंदेला चुलीपुढे बघितलं आणि रडायलाच लागली. "माझ्या घरात पावण्यांनी भाकऱ्या थापल्या. आता कुणाला काय तोंड दाखवू?"

"आधी धू तरी," मी म्हटलं.

आक्का आता नाही. पुढे ती मुलाकडे मुंबईला गेली आणि तिथेच म्हातारी होऊन वारली. मला मात्र आठवते ती त्या सकाळचीच. सगळे तळ्याकडे निघाले होते. एरवी सगळ्यांच्या मागून उभ्याउभ्या दोन घास खाणारी ही बाई उंबऱ्यावर बसली होती. नणंदेने तिच्या हातात भाकरी दिली. तिने तुकडा मोडला, नाक मुरडलं आणि चावत राहिली.

"करपलीय गो," ती म्हणाली. आणि दुसरी मागितली.