शाई तर पुष्कळ दिसतेय

नात मोबाइलवर मैत्रिणीचा निरोप दुप्पट वेगाने ऐकत होती. "आजोबा, मुद्दा कळला की झालं!"

मुद्दा काढण्यात मीही पटाईत होतो. गावात शिक्षक असताना शेजारच्या गंगूकाकूंना मुलाची पत्रं वाचून दाखवायचो. गच्च भरलेलं आंतरदेशीय एका वाक्यात संपवायचो, "बरा आहे, दिवाळीला येतोय."

"मास्तर, एवढंच? शाई तर पुष्कळ दिसतेय."

"एवढंच," मी सायकलवर टांग टाकत म्हणायचो.

ते खोटं होतं. स्वतः थापलेली पहिली भाकरी कशी करपली, हेसुद्धा त्याने एका पत्रात लिहिलं होतं. आठ-आठ दिवस प्रवास करून आलेल्या पत्राला मी पाच मिनिटं देत नव्हतो. कुठे जायचं होतं मला? अजून आठवत नाही.

काकूंनी ती पत्रं शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाकडूनही वाचून घेतली नाहीत. मास्तरांनी वाचलीत, म्हणायच्या.